घर ते स्टेशन: थंडीत बाइकचं ॲव्हरेज का पडतं?

कांदिवली_पूर्व

मंडळी, नमस्कार. गॅरेजमध्ये समाधान झालं नाही म्हणून इथे विचारतोय.

माझी १२५ सीसीची एफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) बाइक आहे, बीएस६. ऑफिस फोर्टला, त्यामुळे बाइक फक्त ठाकूर व्हिलेज ते कांदिवली स्टेशन. सकाळी सहाच्या सुमाराला निघायचं, पार्किंगमध्ये लावायची, लोकल पकडायची. रात्री त्याच रस्त्याने परत, तेव्हा हायवेच्या पुलाखाली कोंडी असतेच. एका बाजूला जेमतेम तीन किलोमीटर. पावसाळ्यात ॲव्हरेज ५० च्या आसपास पडत होतं. डिसेंबर लागल्यापासून ४० वर आलंय. हीच गाडी गावी नेली की हायवेला साठच्या पुढे देते.

गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ केला, प्लग आणि एअर फिल्टर बदलला. बिल दोन हजारांच्या घरात, फरक काही नाही. आता तो म्हणतो सेन्सर बदलून बघू. आणखी खर्च करण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय: हा बिघाड आहे, थंडीचा परिणाम आहे की आणखी काही?

तेलकट_हात

दादा, सेन्सरला इतक्यात हात लावू देऊ नका. एफआय गाडीत सेन्सर गेला तर बहुतेक वेळा मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दिवा लागत नसेल, सेल्फ एका दमात लागत असेल आणि पिकअप नेहमीसारखा असेल, तर आधी गाडीच्या वापराकडे बघायचं. भांडुपला माझं छोटं गॅरेज आहे. डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत स्टेशनपुरती गाडी काढणारेच जास्त असतात.

होतं असं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. इंजेक्टरने उडवलेले थेंब पोर्टच्या (इंजिनात हवा शिरते त्या वाटेच्या) गार भिंतीला चिकटतात आणि जळायला कमीच पोचतात. ईसीयूला (इंजेक्टर चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिनाचं तापमान कळत असतं, म्हणून तो मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत हेच काम चोक करायचा. मिश्रण नेमकं राखायला सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, पण तो तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बरोबर वाचत नाही. तोवर ईसीयू आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि गार इंजिनासाठी त्या तक्त्यात पेट्रोलचा हात सढळ ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट तेलाची. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं तेल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे दाटपणाचं माप) असतं. ४० अंशांना ते साधारण सहापट दाट असतं, आणि पहाटेच्या गारव्यात त्याहून कितीतरी जास्त. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात फिरतात, तेव्हा तो दाटपणा सगळ्यांनाच ओढावा लागतो. एअर-कूल्ड सिलिंडर दोन-तीन मिनिटांत चांगला तापतो, पण खाली चेंबरमधलं तेल मागे राहतं. तुमचं स्टेशन येतं तेव्हा कुठे गाडी मोकळी चालायला लागलेली असते, आणि तुम्ही ती बंद करता. रात्री परत पहिल्यापासून.

मुलुंडची

तेलकट_हात, तुमचं म्हणणं पटतंय, पण एक शंका आहे. मुंबईची थंडी ती केवढी? सकाळी सोळा-सतरा अंश, दुपारी तीस. एवढ्याशा फरकाने ५० चे ४० होतील? मीसुद्धा मुलुंड कॉलनीतून स्टेशनला स्कूटर नेते. थंडीत ॲव्हरेज उतरतं, पण इतकं नाही.

रसायन

शंका अगदी रास्त आहे. आकडे मांडून बघू.

सांताक्रूझला जानेवारीचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. (तिथला नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२.) पावसाळ्यात पहाटे २५ अंश धरा. तेलाला चांगलं काम करायला ८०-९० अंश लागतात. म्हणजे पावसाळ्यात तेल साधारण ६० अंश तापवायचं, हिवाळ्यात ७०. काम वाढलं सहाव्या हिश्शाने. तेही फक्त सकाळच्या फेरीत, कारण रात्री परतताना हवा पहाटेइतकी गार नसते. इंजिनाच्या दृष्टीने १७ काय आणि २५ काय, दोन्ही गारच.

अमेरिकेच्या सरकारी इंधन-माहितीत पेट्रोल मोटारींबद्दल एक आकडा आहे: शहरातल्या छोट्या प्रवासात २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना ॲव्हरेज साधारण १५ टक्के पडतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांना २४ टक्क्यांपर्यंत. बत्तीस अंशांचा फरक पडल्यावर हे होतं, आणि ते मोटारींचं आहे. आपल्याकडच्या आठ-दहा अंशांनी २० टक्के पडणार नाही.

म्हणून मी असं बघतो: हायवेचे ६० आणि स्टेशनचे ५० यातला फरक अंतराचा आणि ट्रॅफिकचा, तो बारमाही आहे. ५० वरून दोन-तीन खाली येणं थंडीचं. त्याच्याही खाली ४० पर्यंत जे गेलंय त्याला वेगळं काहीतरी कारण असणार, आणि ते बहुधा इंजिनाच्या बाहेर सापडेल.

गोदाकाठ

निफाडहून लिहितोय. आमच्याकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या थंडीतही माझी ११० सीसी गाडी साठाच्या खाली जात नाही, कारण मळा ते बाजार समिती हे अंतर चांगलं पंधरा किलोमीटर आहे आणि वाटेत सिग्नल एकही नाही. पहिले चार-पाच किलोमीटर गाडी जड वाटते, पुढे मोकळी होते. रसायन म्हणतात ते मला रोज दिसतं. थंडीपेक्षा अंतर महत्त्वाचं.

घोडबंदर

सगळे मूळ कारण सोडून बोलताय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, ॲव्हरेज तिथे गेलं. माझ्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची हीच रड आहे.

रसायन

घोडबंदर, इथेनॉलचा परिणाम आहेच, तो मी नाकारत नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी जुळवलेल्या दुचाकीत ई२० (२० टक्क्यांचं) वापरलं तर ॲव्हरेज ३-४ टक्के पडेल. लोकांना याहून जास्त फटका जाणवतो अशी तक्रार मीही ऐकतो.

पण धागाकर्त्याच्या टाकीत पावसाळ्यातही तेच पेट्रोल होतं ना? वर्षभर सारखं असलेलं कारण डिसेंबरमधली घसरण एकट्याने समजावू शकत नाही. गारव्याशी मात्र त्याचा एक धागा जुळतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते आणखी आळशीपणे पेटतं आणि ईसीयूला सुरुवातीला आणखी थोडं इंधन सोडावं लागतं. छोट्या फेऱ्या करणाऱ्याला ई२० जास्त जाणवायचं हे एक कारण.

जुना_कार्बुरेटर

माझ्याकडे अजून चोकची गाडी आहे. थंडीत चोक ओढून गाडी सुरू करतो, खाली पाच मिनिटं चालू ठेवतो, तोवर डबा भरून होतो. वडिलांची शिकवण. गार इंजिनावर भार द्यायचा नाही. यात पेट्रोल जातं हे मान्य, पण इंजिन टिकतं.

तेलकट_हात

काका, शिकवणीमागचा हेतू बरोबर आहे, पण उभ्या गाडीने तो साधत नाही. जागेवर चालू गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं हे एक. दुसरं, भार नसल्याने इंजिन सावकाश तापतं, म्हणजे चोकवर चालण्याचा काळ उलट वाढतो. चोकमुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. महिनोन्महिने असं केलं की तेल पातळ होतं, डिपस्टिक नाकाला लावली की पेट्रोलचा वास येतो.

सेल्फ मारला, आवाज स्थिर झाला, हेल्मेटचा पट्टा लावला की निघा. एवढा अर्धा मिनिट पुरे. चोक असेल तर गाडी बंद न पडता चालेल इतपत होताच तो आत ढकला. पुढचे दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवा, गाडी खेचू नका, पण चाळीसच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये बोंबलतही ठेवू नका. चालती गाडी भाराखाली लवकर तापते. गार इंजिनावर जोर द्यायचा नाही ही वडिलांची गोष्ट अशानेही पाळली जाते.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत (हिरोची आय३एस वगैरे), त्यांनी हे लक्षात घ्यावं की इंजिन पुरेसं तापेपर्यंत ती सोय कामच करत नाही. तीन किलोमीटरच्या फेरीत तिचा फायदा जवळपास मिळत नाही. लोक त्यालाही बिघाड समजून येतात.

कांदिवली_पूर्व, आता सांगा. ॲव्हरेज काढता कसं? टायरमध्ये हवा शेवटची कधी भरली? आणि पावसाळ्यानंतर ब्रेक उघडून साफ केले का?

कांदिवली_पूर्व

सगळ्यांचे आभार, इतक्या तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं.

ॲव्हरेज असं काढतो: दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकायचं, काटा पुन्हा त्याच जागी आला की किलोमीटर बघायचे. हवा दिवाळीच्या आधी भरली होती. सर्व्हिसिंगच्या कागदावर ब्रेक क्लीनिंग लिहिलंय.

मुलुंडची

काट्यावरून ॲव्हरेज निघत नाही हो. मी हिशेबाच्या खात्यात काम करते, तेव्हा मोजमापाबद्दल आग्रहाने सांगते.

दोनशे रुपयांत मुंबईत दोन लिटरही येत नाही. काट्याच्या अंदाजात पाव लिटर सहज इकडचं तिकडे होतं, म्हणजे आकडा १२-१३ टक्क्यांनी चुकला. ५० चे ४४ नुसते काट्यावर दिसू शकतात. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप तुटेल तिथे थांबा, किलोमीटर टिपा. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्याच पंपावर, गाडी त्याच स्टँडवर उभी करून पुन्हा तसंच. साइड स्टँडवर गाडी कलते आणि टाकीतली पातळी वेगळी बसते, म्हणून दोन्ही वेळा मेन स्टँड. अशा दोन-तीन टाक्यांची बेरीज करून भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका.

घोडबंदर

आणि पेट्रोल पहाटे भरा. गार पेट्रोल दाट असतं, तेवढ्याच पैशात जास्त मिळतं.

रसायन

तत्त्व खरं आहे, फायदा मात्र हाती लागत नाही. एका अंशाला पेट्रोलचं आकारमान साधारण ०.१ टक्का बदलतं. दहा अंशांचा फरक धरला तरी एक टक्का. आणि पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. त्यासाठी झोपमोड करू नका.

हवेचं मात्र मनावर घ्या. पारा दहा अंश उतरला की २८ पीएसआय भरलेल्या टायरात साधारण दीड पीएसआय कमी होतात, गळती काहीही नसताना. दिवाळीच्या उकाड्यात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे कमीच असणार, शिवाय महिन्याला थोडी हवा अशीही जातेच. हवा भरायची ती टायर गार असताना. गाडी चालवून तापल्यावर मोजली की आकडा फुगलेला दिसतो.

तेलकट_हात

ब्रेकचं सांगतो, कारण मुंबईत हे फार होतं. चार महिने पाणी आणि चिखल खाल्लेला ड्रम ब्रेक ऑक्टोबरनंतर सुकतो, आणि आतला कॅम (लायनरला ड्रमवर दाबणारा तुकडा) गंजून अर्धवट अडकतो. पॅडल सोडलं तरी लायनर ड्रमला घासत राहतो. कागदावर क्लीनिंग लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बाहेरून हवेचा फवारा मारलेला असतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे मोकळेपणी जायला हवेत. खरखर आवाज येऊन चाक लगेच थांबत असेल तर ब्रेक उघडायला लावा, आणि समोर उभे राहा. डिस्क असेल तर पिस्टनभोवती साचलेली माती बघा.

तसंच चेन. कोरडी, गंजकी चेन ताकद खाते. केरोसीनने पुसून चेनचं तेल लावा, ढिलाई मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढीच ठेवा. ताणून बसवली तर तीही ॲव्हरेज खाते आणि बेअरिंगसुद्धा.

आणि एअर फिल्टर. मेट्रोची, टॉवरची कामं चालू असलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यात धूळ खाली बसतच नाही. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर काळाकुट्ट होतो. तुमचा नुकताच बदललाय, तेव्हा तो सोडा.

मुलुंडची

विषय निघालाच आहे तर माझं विचारते. स्कूटरच्या ऑइलच्या बुचाखाली कॉफीच्या फेसासारखं पांढुरकं साचलं होतं. एका गॅरेजने सांगितलं की हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल, सहा-सात हजार. अजून दिलेलं नाही. गाडी चालते छान.

तेलकट_हात

ताई, अजिबात उघडू देऊ नका. गॅस्केट गेल्यावर तेल पांढरं होतं ते वॉटर-कूल्ड इंजिनात, कारण तिथे गॅस्केटमधून कूलंट तेलात शिरतं. तुमची स्कूटर एअर-कूल्ड आहे ना? त्यात कूलंटच नाही, तर येणार कुठून?

रसायन

पाणी येतं ते पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन पूर्ण तापलं की ते पुन्हा उडून ब्रीदरवाटे (चेंबरची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघून जातं. रोज तीन किलोमीटरवर गाडी बंद केली तर उडायला संधीच मिळत नाही. गार झाकणाखाली ते तेलात घुसळलं जातं आणि तो फेस दिसतो. सायलेन्सर आतून गंजतो तोही याच पाण्याने.

तेलकट_हात

रविवारी स्कूटर घेऊन ऐरोली पुलावरून वाशीपर्यंत जाऊन या, मध्ये न थांबता. आल्यावर बूच पुसून टाका, आणि आठवडाभराने बघा. फेस पुन्हा थोडा येईल, पण डिपस्टिकवरचं खालचं तेल स्वच्छ असेल तर काळजी नाही. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर मात्र बदलाच, त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळलंय.

कांदिवली_पूर्व

आता पुढचं सांगतो. मागच्या टायरात २९ हवे तिथे २१ पीएसआय निघाले. मागचं चाक हाताने अर्धा फेराही नीट जात नव्हतं. दुसऱ्या मेकॅनिककडे ब्रेक उघडला, कॅम गंजलेला होता, साफ करून ग्रीस लावलं. शंभर-दीडशेत काम झालं. चेन साफ केली. मुलुंडची यांच्या पद्धतीने फुल्ल टू फुल्ल मोजलं तर आता ४६-४७ पडतंय, थंडी तशीच असताना. सेन्सर जागच्या जागी आहे.

५० कसे गाठायचे?

मुलुंडची

गाठायचेच कशाला? हिशेब बघा. रोज सहा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दीडशे किलोमीटर. ५० च्या ॲव्हरेजला तीन लिटर, ४० च्या ॲव्हरेजला पावणेचार. तुमची सगळ्यात वाईट स्थिती होती तेव्हाही महिन्याला पाऊण लिटर, ऐंशी रुपयांच्या आत. त्यासाठी दोन हजार घातले गेले. आता ४६ आणि ५० मध्ये महिन्याला पाव लिटर आहे. थंडी मार्चमध्ये आपोआप जाईल.

माझ्या मते एवढ्या छोट्या अंतराला ॲव्हरेजचा आकडा हा फक्त इशारा म्हणून वापरावा. अचानक पडला तर हवा, ब्रेक, चेन बघायची. खरं नुकसान तेलाचं आणि सायलेन्सरचं होतंय, पैसे घालायचे तर तिथे. शिवाय ज्या दिवशी सामान नाही, घाई नाही, त्या दिवशी शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस आहे. आणि गाडी काढलीच तर भाजी, औषधं, बँक ही कामं त्याच तापलेल्या इंजिनात उरकावीत. दहा मिनिटं थांबून पुन्हा निघालं तर इंजिन अजून गरमच असतं.

घोडबंदर

हिशेब पटला. इथेनॉलबद्दलचं माझं मत कायम आहे, पण ब्रेक आजच बघतो.

कांदिवली_पूर्व

पटलं. आकड्याच्या मागे लागणं थांबवतो. शेवटचा प्रश्न: थंडीपुरतं पातळ तेल घालू का? आणि बदलायचं कधी? माझे वर्षाला दोन हजार किलोमीटरही होत नाहीत.

तेलकट_हात

मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच. तुमच्या १२५ ला बहुधा १०डब्ल्यू-३० असेल, तो मुंबईच्या थंडीला पुरेसा पातळ आहे. कुणी ‘गाडी जुनी झाली’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालत असेल तर घालू देऊ नका, गार फेऱ्यांत तुमचंच नुकसान. डब्यावर जासो (दुचाकीच्या तेलाचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. कारचं तेल स्वस्त मिळालं तरी नको, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी बाइकचा ओला क्लच घसरू शकतो. स्कूटरचा क्लच तेलात नसतो, त्यामुळे मुलुंडची ताईंना जासो एमबी लिहिलेलं तेल चालेल.

आणि बदली किलोमीटरवर नको, कॅलेंडरवर करा. तुमच्यासारख्या वापराला सहा महिन्यांनी. एक बदली पावसाळा संपल्यावर, एक थंडी संपल्यावर. आत्ताचं तेल होळीच्या सुमाराला काढा, आणि त्या दिवशी गाडी आधी हायवेला फिरवून पूर्ण तापवून मगच गॅरेजला न्या, म्हणजे साचलेलं सगळं तेलाबरोबर बाहेर येईल.